मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखडे

रात्रीच्या वेळी पेट्रोल पंपाच्या प्रखर दिव्याखाली उभ्या असलेल्या एखाद्या काळ्या किंवा गडद निळ्या मोटारीकडे निरखून पाहिले, तर तिच्या बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तशी अतिबारीक वर्तुळे दिसतात. पाहणारा दोन पावले बाजूला सरकला की ती वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. या धंद्यातील माणसे त्यांना ‘स्वर्ल’ म्हणतात. वस्तुतः हे ओरखडे वर्तुळाकार नसतातच. रंगाच्या पृष्ठभागावर सर्व दिशांनी हजारो सरळवाकड्या रेषा पडलेल्या असतात. त्यांपैकी ज्या रेषा दिव्याच्या दिशेला आडव्या पडतात तेवढ्याच प्रकाश डोळ्याकडे परतवतात, बाकीच्या अदृश्य राहतात. अशा निवडक रेषांची मिळून ती वर्तुळे भासतात. रोज घासल्या जाणाऱ्या स्टीलच्या ताटात दिव्याचे प्रतिबिंब पाहिले तर हाच खेळ स्वयंपाकघरातही पाहावयास मिळतो.

ताटाच्या बाबतीत कोणी मनावर घेत नाही. मोटारीची गोष्ट निराळी. आयुष्याच्या कमाईतील मोठा वाटा देऊन घेतलेली वस्तू दोन वर्षांत निस्तेज दिसू लागली की मालकाचे मन खट्टू होते आणि तो उपायाच्या शोधात दुकानाची पायरी चढतो. तेथे त्याच्यासमोर बाटल्या, डबे आणि नळ्या यांची रांगच मांडली जाते. कंपाउंड, पॉलिश, स्क्रॅच रिमूव्हर, ग्लेझ, वॅक्स, सिरॅमिक अशी त्यांची नावे असतात आणि प्रत्येकावर आरशासारख्या चकाकणाऱ्या मोटारीचे चित्र असते. गिऱ्हाइकाला वाटते की ही सारी एकाच औषधाची निरनिराळी नावे आहेत. तसे मुळीच नाही. यांतील काही पदार्थ ओरखडा नाहीसा करतात, काही तो केवळ लपवतात, तर काहींचा ओरखड्याशी संबंधच नसतो. ते झालेल्या कामावर पांघरूण घालण्यापुरते असतात.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ओरखडा ही वस्तू नव्हे, ती उणीव आहे. डाग पुसता येतो, चिकटलेले डांबर काढता येते. पण खड्डा कसा काढणार? खड्ड्याचे दोनच उपाय संभवतात. तो कशाने तरी भरून काढावा, नाहीतर त्याच्या भोवतालची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणावी. मोटारीच्या रंगावरचा ओरखडा ‘गेला’ असे जेव्हा खऱ्या अर्थाने म्हटले जाते, तेव्हा दुसरा उपाय झालेला असतो. म्हणजे ओरखडा गेलेला नसतो, त्याच्या सभोवतालचा रंग गेलेला असतो. हा रंग किती जाडीचा आहे, हे कळल्याखेरीज कोणती बाटली उचलावी हे ठरवता येत नाही.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. सर्वांत खाली, विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर, आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक असा ‘क्लिअर कोट’, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सर्रास ‘लॅकर’ म्हणतात. या चारही थरांची मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा धरला तर पत्र्यावरचा सारा रंग दीड-दोन केसांएवढा होतो. त्यातही पारदर्शक लॅकर अवघा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका केसाहूनही पातळ. मोटारीची झळाळी, पावसापासून तिचे रक्षण आणि सूर्याच्या अतिनील किरणांना अडवण्याचे काम, हे सारे या पदराकडे सोपवलेले असते. त्यातून सात-आठ मायक्रॉनांहून अधिक कधीच घासून काढू नये, असे जाणकार कारागीर मानतात; कारण त्यापुढे उरलेला थर वरवर चांगला दिसला तरी उन्हाशी झुंजण्याचे त्याचे बळ कमी होते आणि काही वर्षांनी तो पापुद्र्यासारखा सुटू लागतो. छतावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडून सालपटे निघालेल्या मोटारी रस्त्यावर दिसतात, त्यांतील काहींच्या दुर्दशेला ऊनच नव्हे, तर वारंवार केलेले ‘रबिंग’ही कारणीभूत असते.

पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याची चाल ज्या घरांत होती, तेथील वडीलधाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बाहेरून भांडे चिंचेने, राखेने कितीही लख्ख घासावे. आतल्या कल्हईला मात्र जपून हात लावावा, हे त्या घरातील लहान मुलीलाही ठाऊक असे. फरक इतकाच की कल्हई उडाली तर कल्हईवाला दारावर येत असे आणि थोड्या पैशांत भांडे पुन्हा नवे होत असे. मोटारीचा लॅकर उडाला तर तो भाग संपूर्ण रंगवण्याखेरीज गत्यंतर नसते, आणि गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या भट्टीत पक्क्या झालेल्या रंगाची बरोबरी क्वचितच करतो.

घासण्याची ही रूढी आली तरी कोठून? तिचा उगम जुन्या रंगांत आहे. १९२३ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने आपल्या ओकलंड मोटारीवर ‘ड्यूको’ नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग प्रथम वापरला. तोपर्यंत घोडागाडीच्या काळापासून चालत आलेले व्हार्निशचे रंग वाळण्यास कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. ड्यूकोने हे काम काही तासांवर आणले. फर्निचर रंगवणारे कारागीर फवाऱ्याच्या रंगाला अजूनही ‘ड्युको’ म्हणतात, ती या रंगाचीच आठवण. परंतु हा रंग वाळल्यावर मंद दिसे. त्याला झळाळी आणण्यासाठी तो घासावाच लागे. ‘रबिंग कंपाउंड’ या शब्दाचा संसार येथून थाटला गेला. पुढे इनॅमल रंग आले, तेही एकपदरीच. आपल्या ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींच्या ऐन उमेदीच्या काळात रंग आणि चकाकी एकाच थरात असे. रंग उन्हाने भुकटीसारखा झाला की तो वरचा मेलेला पापुद्रा घासून काढावा, आत ताजा रंग सापडे. फडक्यावर तोच रंग उतरे आणि कारागीर समाधानाने तो फडका मालकाला दाखवी. त्या रंगाला ते सोसत असे, कारण थर जाड असे आणि घासण्याची गरजही खरी असे.

ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ साली रस्त्याचा निरोप घेतला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सर्वत्र रूढ झालेल्या दुपदरी रंगाला मात्र तोच जुना उपचार आजही अनेक ठिकाणी दिला जातो. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणारा मालक आपण मोटारीची निगा राखतो अशाच समजुतीत असतो. प्रत्यक्षात तो दरवर्षी कल्हई घासत असतो.

ओरखडे पडतात कशाने, याचे उत्तर धुळीत आहे. जमिनीवरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे साध्या वाळूचे, सूक्ष्म कण मुबलक असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोज पट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक सातवा आहे; चाकूचे साधे पाते त्या मानाने मऊ ठरते, मग राळेपासून बनलेल्या लॅकरचा पाड काय! दिल्लीची मे महिन्यातील आंधी असो, राजस्थानची रेती असो, कोकणातील जांभ्याची तांबडी धूळ असो किंवा मुंबई-पुण्यातील बांधकामांची बारीक माती असो, ती मोटारीवर नुसती बसून राहिली तर फारसे बिघडत नाही. तिच्यावरून कोरडा फडका फिरवला की त्या क्षणी तिचे पॉलिश पेपरात रूपांतर होते.

आपल्या शहरांतील रीत अशी की पहाटे इमारतीत गाड्या पुसणारा माणूस येतो. त्याच्या हातात एक बादली आणि एक फडका असतो. उजाडण्यापूर्वी त्याला पंधरा-वीस गाड्या उरकावयाच्या असतात. पहिल्या गाडीची धूळ फडक्यातून विसाव्या गाडीपर्यंत प्रवास करते. लॅकरवरील बहुतेक जाळी या रोजच्या स्वच्छतेतून विणली जातात. परंतु त्याचा दोष त्या माणसाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्याला महिन्याकाठी मिळणारे तुटपुंजे पैसे, इमारतीत मिळणारे बादलीभर पाणी आणि ‘गाडी रोज पुसलीच पाहिजे’ हा मालकाचा आग्रह, या तिहींत त्याच्या हाती दुसरा मार्गच उरत नाही. आठवड्यातून दोनदा पुरेशा पाण्याने धुवावी आणि एरवी हात लावू नये, असे मालकाने सांगितले तर त्याचेही श्रम वाचतील आणि लॅकरही.

आता निवडीकडे वळावे. बाटली उघडण्यापूर्वी ओरखड्याची परीक्षा करावयाची असते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. प्रथम गाडी स्वच्छ धुवावी. धुळीच्या रेघेला ओरखडा समजण्याची चूक वाटते त्याहून अधिक वेळा होते. मग संशयित जागा पाण्याने ओली करावी. ओल्यात रेघ नाहीशी झाली आणि वाळल्यावर परत दिसू लागली, तर ती लॅकरच्या वरच्या भागात आहे असे समजावे. नंतर तिच्यावरून नख अलगद आडवे फिरवावे. नख अडखळले नाही तर पॉलिशने गुण येईल; अडखळले तर रेघ खोल आहे, ती पुरती काढण्याचा हट्ट धरू नये; तिच्या कडा बोथट करून ती कमी ठळक करण्यावर समाधान मानावे. रेघेच्या तळाशी वेगळा रंग, प्रायमरचा करडा पदर किंवा पत्रा दिसत असेल, तर जगातील कोणतेही पॉलिश तेथे उपयोगी नाही. तेथे टच-अपचा ब्रश हवा. याउलट कधी कधी रेघ खोलगट नसून उंचवटा असते. दुसऱ्या गाडीच्या बंपरचा किंवा भिंतीचा रंग आपल्या गाडीवर चिकटलेला असतो. असा ‘ओरखडा’ सौम्य द्रावकाने किंवा डिटेलिंगची माती चोळून निघून जातो. त्यासाठी लॅकर खर्च करण्याचे कारण नाही.

ओल्यात रेघ का लपते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण अर्ध्या बाजाराचे गुपित त्यात दडले आहे. घासलेली काच पांढुरकी दिसते, पण तिच्यावर तेलाचे बोट फिरवले की ती पारदर्शक होते. काचेचे आणि तेलाचे वक्रीभवन जवळजवळ सारखे असल्यामुळे तेलाने भरलेल्या खाचांवर प्रकाश विखुरत नाही, सरळ निघून जातो. लॅकरच्या ओरखड्यांचेही तसेच. कोणत्याही तेलाने, मेणाने वा राळेने ते भरले की डोळ्यांना दिसेनासे होतात. ‘ग्लेझ’ नावाने विकले जाणारे पदार्थ हेच करतात, आणि झटपट गुण देणारी पुष्कळशी स्क्रॅच रिमूव्हरेही मुख्यतः हेच करतात. मोटार दुकानातून बाहेर पडते तेव्हा आरशासारखी असते. चार वेळा धुतली की तेल-मेण निघून जाते आणि जाळी जशीच्या तशी वर येतात. जुन्या चालकांची रॉकेलने किंवा डिझेलने गाडी पुसण्याची युक्ती यातलीच; त्यातून झळाळी दिसे ती तेलाच्या थराची, आणि त्या तेलकट थरावर पुढची धूळ अधिक घट्ट बसे.

लपवणे ही फसवणूकच असते असे मात्र नाही. लॅकर आधीच पातळ झालेल्या जुन्या गाडीला ग्लेझ आणि मेण हाच सर्वांत सुज्ञ उपाय ठरतो. प्रश्न एवढाच की काढण्याचे दाम देऊन लपवण्याचा माल पदरात पडू नये. याची कसोटी सोपी आहे. पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून त्या द्रावणाने पॉलिश केलेली जागा पुसावी आणि टॉर्चच्या एकाच प्रखर झोतात पाहावी. तेल-मेण निघून गेल्यावर जे दिसते ते खरे काम. प्रामाणिक कारागीर ही परीक्षा स्वतः होऊन करून दाखवतो.

खरोखर काढणारे पदार्थ दोन, कंपाउंड आणि पॉलिश. दोघांतही द्रवात मिसळलेले अपघर्षक कण असतात; कंपाउंडमधील भरड किंवा अधिक आक्रमक, पॉलिशमधील बारीक. हे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात, म्हणजे आपल्या कुरुंदाच्या जातीचे. या खनिजाचे ‘कोरंडम’ हे पाश्चात्त्य नाव तमिळ भाषेतून तिकडे गेले आहे, आणि माणिक व नीलम ही याच खनिजाची रत्ने होत. कंपाउंड ओरखडे झटपट उतरवते, पण मागे स्वतःची धूसर छटा ठेवते. मग पॉलिश ती छटा उतरवते. मोझेइक फरशी घासणारा कारागीर आधी भरड, मग मध्यम, मग मऊ दगड लावतो, तोच हा क्रम. परंतु फरशीवाल्याकडे मिलिमीटरांची श्रीमंती असते आणि त्याला सुरुवात भरड दगडानेच करावी लागते. मोटारीच्या बाबतीत हा क्रम उलटा घ्यावयाचा असतो, आणि निवडीचे सारे शहाणपण या उलट्या क्रमात आहे. आधी सर्वांत सौम्य पॉलिश, सर्वांत मऊ स्पंज आणि दीड फूट लांब-रुंद एवढीच जागा. त्याने काम झाले तर साऱ्या गाडीला तेच पुरेसे. झाले नाही तर स्पंज एक पायरी कठीण घ्यावा, द्रव तोच ठेवावा. तरीही न झाले तरच कंपाउंडला हात लावावा. रोजच्या पुसण्याने पडलेली जाळी बहुतेक वेळा पॉलिशनेच जातात, आणि त्यात एक-दोन मायक्रॉनांच्या आतबाहेरच लॅकर खर्च होतो. दुकानदार मात्र अनेकदा कंपाउंडच पुढे करतो, कारण त्याचा गुण चटकन दिसतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही.

कणांची आणखी एक जात ओळखून ठेवावी. काही पदार्थांतील कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. म्हणून ते सुरुवातीला कापतात आणि शेवटी चमकवतात. हा गुण यंत्राच्या वेगावर आणि दाबावर अवलंबून असतो. हाताने लावल्यास ते कण पुरते फुटत नाहीत आणि जागा अर्धवट मंद राहते. दुसऱ्या जातीचे कण आरंभापासूनच अतिसूक्ष्म आणि एकसारखे असतात व फुटत नाहीत. हाताने काम करणाऱ्याला तेच अधिक अनुकूल. डब्यावर ‘हाताने वापरण्यास योग्य’ असे छापलेले आहे की नाही, हे पाहण्याचे कारण हे. ‘क्लिअर कोटसाठी सुरक्षित’ हे शब्दही पाहावेत. पण त्यावर पूर्ण विसंबू नये, कारण सुरक्षितता द्रवात जितकी असते तितकीच ती लावणाऱ्या हातात आणि स्पंजात असते. एकच पॉलिश मऊ फोमवर सौम्य वागते आणि लोकरीच्या बफवर कंपाउंडासारखे कापते. केवळ द्रवाचे नाव विचारून निवड करणे म्हणूनच अपुरे आहे.

यंत्रांतही दोन प्रकार आहेत. एका जागी गरगर फिरणारे रोटरी यंत्र गॅरेजमध्ये जुन्या काळापासून आहे. ते निष्णात हातात उत्तम चालते; नवख्याच्या हातात मात्र ते क्षणभर थांबले तरी तेथला लॅकर तापून करपतो, आणि न करपला तरी उन्हात लाटांसारखे पट्टे दिसू लागतात. कारागीर त्यांना होलोग्राम म्हणतात. सावलीत गाडी ताब्यात घेणाऱ्या मालकाला ते दुसऱ्या दिवशी दिसतात. दुसरे यंत्र फिरता फिरता डोलते. त्याला ड्युअल ॲक्शन म्हणतात. त्याची उष्णता कमी, वेग कमी, धोकाही कमी. घरी काम करू इच्छिणाऱ्याने हेच घ्यावे, किंवा एखाद्या दाराच्या मुठीमागील नखांचे चरे एवढेच काम असेल तर हातच वापरावा. तेवढ्यासाठी यंत्राचा खर्च व्यर्थ आहे. यंत्र वापरताना दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर, उठावाच्या रेषांवर मास्किंग टेप लावावी, कारण तेथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. ही टेपसुद्धा मोटारीच्या रंगकामाचीच देणगी. १९२५ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी ती दुरंगी मोटारी रंगवणाऱ्यांची अडचण पाहून तयार केली. प्लॅस्टिकच्या बंपरवर विशेष जपावे. प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही, आणि रंगाची जाडी मोजणारी साधी उपकरणे पत्र्यावरच चालत असल्यामुळे तेथे किती रंग उरला आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. काम सावलीत आणि थंड पत्र्यावरच करावे. नागपूरच्या किंवा अहमदाबादच्या उन्हात उभ्या असलेल्या बॉनेटवर पॉलिश लावताक्षणीच वाळून बसते.

घरगुती उपायांत टूथपेस्टचे नाव सर्वांत पुढे असते. तीत कण असतात हे खरे. पण ते दातांच्या कठीण आवरणाला अनुसरून निवडलेले असतात, लॅकरला नव्हे. एखादी पुसट रेघ तिने कमी होईल, पण भोवती मंद डाग राहील आणि तो काढण्यास अखेर पॉलिशच आणावे लागेल. मॅट रंगाच्या मोटारींना तर यांपैकी काहीच लावू नये. घासले की तेवढा भाग चकाकू लागतो आणि तो पूर्ववत करता येत नाही.

रंगाचाही विचार करावा. ओरखडे काळ्या गाडीवर असतात तितकेच पांढऱ्या गाडीवरही असतात, पण पांढऱ्यावर ते दिसत नाहीत. आपल्या देशात पांढऱ्या व रुपेरी मोटारींना इतकी पसंती आहे की त्यांच्या मालकांपैकी अनेकांना वस्तुतः पॉलिशची आवश्यकताच नसते. टॉर्च घेऊन शोधल्यावरच सापडणाऱ्या रेषांसाठी लॅकरचा एक पदर उतरवणे हा शुद्ध अपव्यय आहे. काळ्या गाडीच्या मालकाने मात्र आधीच मनाची तयारी ठेवावी, की दर वर्ष-सहा महिन्यांनी पॉलिश हा त्याचा मार्ग होऊ शकत नाही. त्याला पुसण्याची पद्धतच बदलावी लागेल.

पॉलिश झाल्यावर त्या उघड्या पृष्ठभागावर काहीतरी संरक्षक लेप हवा. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण हा त्यातला जुना आणि मानाचा प्रकार. त्याची झळाळी उबदार असते, पण आपल्या उन्हापावसात ते दोन-तीन महिन्यांपलीकडे फारसे टिकत नाही. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक काळ टिकतात. सिरॅमिक लेप वर्षानुवर्षे टिकू शकतो, परंतु त्याच्या जाहिरातीतील ‘९एच’ या अक्षरांनी पुष्कळांची दिशाभूल होते. हे काठिण्य खनिजांच्या मोज पट्टीवरील नसून पेन्सिलींच्या कसोटीवरील आहे. तेथे ९एच म्हणजे सर्वांत कठीण पेन्सिलीने चरा पडत नाही इतकेच. वाळूचा कण त्यालाही ओरखडतो. शिवाय हा लेप ओरखड्यांवरच लावला तर ते त्याच्याखाली जसेच्या तसे राहतात. खडे आणि खरचटणे यांपासून खरी ढाल हवी असेल तर ती पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्मची. तिचा खर्च सिरॅमिकहून पुष्कळ अधिक, पण झिजते ती फिल्म, लॅकर नव्हे.

राहिली धुण्याची रीत. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहवून द्यावी. ती जितकी वाहून जाईल तितकी फडक्याखाली येणार नाही. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत मोटारीच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे; फडका प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. कपड्यांची पावडर वापरू नये, ती मेणाचा लेप उतरवते. वरून खाली यावे आणि चाकांसाठी वेगळा फडका ठेवावा. पाणी टिपण्यासाठी मायक्रोफायबरचा जाड, मऊ रुमाल घ्यावा, तो चोळू नये, ठेवून उचलावा. विंधनविहिरीच्या जड पाण्याचे थेंब तसेच वाळले तर क्षारांचे पांढरे ठसे उमटतात आणि तेही पुढे पॉलिशशिवाय निघत नाहीत. पाण्याची टंचाई असेल तेथे धुणे पुढे ढकलावे. आठवडाभर धूळ बसलेली गाडी कोरडी पुसलेल्या गाडीपेक्षा बऱ्या अवस्थेत असते. आणि धुताना रुमाल हातातून जमिनीवर पडला, तर तो झटकून पुन्हा बॉनेटवर लावू नये. त्या दिवसापुरता तो चाकांकडे द्यावा.